आत्याचे हात

नेवाशाजवळच्या आमच्या घरात बाथरूमला लोखंडी कडी आहे. ती सरकवली की आवाज थेट ओट्यापर्यंत जातो, आणि ओट्यावर नेहमी कोणीतरी बसलेलं असतं. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणासाठी सुप्याहून माहेरी आले, चौतिसावा आठवडा लागला, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं आतून कडी लावून, खोबरेल तेलाची छोटी बाटली घेऊन एकटीने बसायची वेळ आली, तेव्हा तो आवाज किती मोठा आहे ते कळलं.

कारण सांगते. लिहून सांगणं मला जमतं. तोंडी तेव्हा जमलं नव्हतं.

नगरच्या ज्या हॉस्पिटलमध्ये माझं नाव घातलं होतं, तिथे शनिवारी गरोदर बायकांचा वर्ग असायचा. घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्याकडे कंबरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा होता आणि त्याला खालून त्यांनी जुन्या ओढणीचा तुकडा बांधला होता.

"ही झोळी," त्या म्हणाल्या. "पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळ्याचा भार हिच्यावर. बाळ हिच्यातूनच वाट काढतं. घाईने, जबरदस्तीने आलं तर झोळी फाटते, नाहीतर तिच्या गाठी सैल होतात. मग पुढे जन्मभर खोकलं की लघवी, हसलं की लघवी, नाहीतर अंग बाहेर येणं. बायका म्हणतात, बाळंतपणात हे होणारच. दरवेळी व्हायलाच पाहिजे असं काही नाही."

मग काय करायचं ते त्यांनी सांगितलं. लघवी अडवल्यासारखे ते स्नायू आत ओढायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात स्वच्छ हाताने, तेल लावून, योनीमार्गाच्या खालच्या कडेला हलका ताण द्यायचा, म्हणजे ती जागा ताणाला सरावते. पोट साफ ठेवायचं, कुंथायचं नाही. प्रसूतीच्या वेळी गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर लावायचा नाही, डोकं येताना तर अजिबात घाई नाही. आणि कोणालाही वरून पोट दाबू द्यायचं नाही. वर्गात आम्ही अकरा जणी होतो. अकराही जणी ओढणीकडे बघत होतो, एकमेकींकडे नाही.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं, इंग्रजीत. माझ्या इंग्रजी शाळेच्या फीचा घरच्यांना काय उपयोग झाला ते सांगता येणार नाही, पण ती वही घरात उघडी पडली तरी आत्याला वाचता येणार नव्हती, हा मला झालेला पहिला ठळक फायदा.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो सुप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे बिघाड व्हायच्या आधीची देखभाल." आणि मग, "मी येऊ का मदतीला?"

"नको," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्या शेजारच्याच घरात राहते. एका जुन्या दवाखान्यात, प्रसूतीच्या खोलीत, तिने तीस वर्षं आया म्हणून काम केलं. रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या माणसांना ती "ह्यो पायाळू", "ही नाळ गळ्यात घालून आल्ती" असं ओळखते. आमच्या ओट्यावर नेहमी बसलेलं जे कोणीतरी असतं, ती बहुतेक वेळा आत्या असते.

तिसऱ्या वेळी मी बाथरूममधून बाहेर आले तर ती दारासमोरच उभी.

"आत काय करती गं एवढा येळ?"

"काही नाही."

"व्हत न्हाई का?"

खरं सांगायचं किंवा हो म्हणायचं, एवढे दोनच रस्ते होते. मी म्हणाले, "हं."

संध्याकाळपर्यंत घरात भिजवलेले अंजीर आले. रात्री दुधात तूप. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला इसबगोलचा डबा होता. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि माझा लाजाळूपणा त्यांच्याकडूनच आला आहे. डबा ठेवून ते शेताकडे निघून गेले होते, आणि दुपारच्या जेवणापर्यंत परतले नाहीत. समोरच्या काकूंनी काळ्या मनुका पाठवल्या. आत्या एरंडेल घेऊन आली, तेव्हा मात्र आई आडवी आली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय एरंडेल नाही, आक्का." माझं पोट आधी चांगलं होतं, आता जरुरीपेक्षा जास्त चांगलं झालं. मी दिवसातून तीनदा जाऊ लागले आणि दरवेळी कडीचा आवाज झाला की ओट्यावर समाधानाने माना हलायच्या. पण मधूनच माझी ती दहा मिनिटं यायची आणि सगळे पुन्हा काळजीत पडायचे.

मग रविवार आला. चर्चच्या उपासनेत शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या वाचतात. कोणाचं ऑपरेशन, कोणाची परीक्षा, कोणाचा कोर्टातला निकाल. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि चिठ्ठीवरून वाचलं, "आणि आपल्या गुरुजींची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे. तिचं पोट साफ होत नाही. तिच्यासाठी आपण विशेष प्रार्थना करू."

चिठ्ठी आत्याने दिली होती. मी जमिनीकडे बघत राहिले. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कोणी हसलं नाही. सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि माझ्या आतड्यांसाठी मनापासून देवाकडे मागितलं. "आमेन" चांगलं मोठ्याने आलं. फाटकापाशी मला आणखी पाच उपाय मिळाले. मी सगळ्यांना हो हो म्हणाले. लोकांच्या तोंडी माझ्याविषयी काहीतरी असणारच होतं. त्यातल्या त्यात हे बरं होतं.

खरं ओळखलं ते आईने. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "इसबगोल खाणाऱ्या माणसाला बाथरूममध्ये खोबरेल तेल कशाला लागतं?"

मी उठून वही आणून तिच्या मांडीवर ठेवली. आई बारावीपर्यंत शिकलेली आहे, इंग्रजी हळूहळू वाचते. चष्मा लावून, बोट फिरवत तिने सगळं वाचलं. मी काढलेल्या झोळीच्या चित्रापाशी बराच वेळ थांबली. मग वही मिटून पुन्हा मटार सोलायला लागली.

"तुझ्या वेळी मी फार दमले होते," ती म्हणाली. "तुझं डोकं पुढे येईना. आक्का तिथे ड्यूटीवर होत्या. त्या स्टुलावर चढल्या आणि दोन्ही हातांनी वरून दाबलं." तिने शेंगांच्या परातीवर दोन्ही तळवे ठेवून दाखवलं. शेंगा करकरल्या. "तू झालीस. सगळे म्हणाले, आक्कांनी दोघींना वाचवलं. मीपण म्हणाले."

"आणि मग?"

"मग काय. तेव्हापासून असं आहे."

"कसं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला उत्तर माहीत होतं. चर्चमध्ये ती नेहमी दाराजवळच्या बाकावर, अगदी कडेला बसते. वरच्या पट्टीतलं गीत लागलं की बाहेर जाते. लग्नाला जायचं टाळते. गेलीच तर पिशवीत एक जादा परकर असतो. मी समजत होते की ती माझ्यासारखीच लाजाळू आहे. सत्तावीस वर्षं मी तिच्याकडे बघत होते आणि स्वतःला निरीक्षणात हुशार समजत होते.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही. आणि कळायला नको. त्यांचा हेतू चांगला होता."

मी पण तेच ठरवलं असतं, पण त्याच संध्याकाळी आत्या चहाला आली आणि तिने जाहीर केलं, "म्या इचारून आले. प्रसूतीच्या खोलीत एक बाई संगं जाऊ देत्यात. म्या जानार. पोरी, तू कायबी काळजी करू नको. अडलं तर मी हाय वरून."

आणि तिने हात दाखवले. मोठे, रुंद, कामाचे हात. तोवर मला ते आवडायचे.

आत्याला नको म्हणायची हिंमत आमच्या घरात वडिलांचीही नाही. वाक्य मी मनात तीन वेळा तयार केलं आणि तिन्ही वेळा तिच्यापुढे बिस्किटं सरकवली. कळांच्या मध्ये, पाय वर केलेले असताना ते मला कुठून जमणार होतं? मला भीती बाळंतपणाची नव्हती, त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांची होती. मी आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

"आक्का, तुम्ही जा आत," आई म्हणाली. "पण तिच्या पोटाला हात लावायचा नाही."

"का?"

आणि आईने सांगितलं. मेथीकडे बघत, पाच-सहा वाक्यांत, भाजीवालीचा हिशोब सांगावा तितक्या सपाट आवाजात. परकराचंसुद्धा सांगितलं.

आत्या आधी रागावली. "डाक्टरच म्हनायचे, चढ स्टुलावर! माझ्या मनानं चढत हुते का काय मी?"

"मी कुठे म्हणते तुमच्या मनाने?"

"आन् सत्तावीस वर्सं? मास्तरीन, सत्तावीस वर्सं माझ्या हातचं खाल्लं, माझ्याबरुबर हिंडली, आन् येक दिवस बोलली न्हाई?"

"काय बोलू?"

आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेली. अर्धा चहा तसाच. आत्याने चहा टाकलेला आमच्या घरात कोणी पाहिलेला नव्हता. वडील आत आले, कपाकडे बघून पुन्हा बाहेर गेले.

दोन दिवस ओटा रिकामा. मला हवा तेवढा एकांत मिळाला आणि मी तो कसा वापरावा हे विसरून बाथरूममध्ये नुसतीच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. आईला म्हणाली, "कुटंय ती वही?" वही इंग्रजीत आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग वाचून दाव मराठीत. काय लिवलंय ते समदं."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. मी वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि आत्या प्रश्न विचारायची. तीस वर्षं कळा देणाऱ्या बायकांच्या ओरडण्यावर आवाज चढवून बोलायची सवय. हळू बोलणं तिच्या गळ्यातच नाही.

"तेल कंचं? ... बोट किती आत? ... मंग कडी लावून तू ह्ये करत हुतीस व्हय? आन् आमी तुला अंजीर चारतोय!"

आईने उठून खिडकी लावली. समोरच्या ओट्यावर मनुकावाल्या काकू तांदूळ निवडायचं थांबल्या होत्या, ते मला खिडकी बंद होताना दिसलं.

डोकं येतानाच्या पानावर आत्या अडली. "आमी म्हनायचो, जोर! जोर! दम धरून जोर! हितं काय लिवलंय?"

"तेव्हा जोर नाही. तोंडाने फुंकत राहायचं. हळूहळू येऊ द्यायचं."

"चूल फुंकल्यावानी?"

"साधारण तसंच."

तिने स्वतः फुंकून पाहिलं. चांगलं पाच मिनिटं फुंकलं, तोवर तिला चक्कर आली आणि आईने पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ती आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "समदं झालं. पन मंग माझ्या हातांना काम काय तितं?"

मी पान उलटलं. बाळाचं डोकं खाली टेकलं की गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं खालच्या कडेला धरायचं, त्याने तिथली त्वचा मऊ पडते, असं मी लिहिलं होतं. अर्थात नर्सने हो म्हटलं तर.

"ह्ये येतं मला," आत्या म्हणाली.

पुढचे दोन आठवडे आत्याने मला शिकवलं. मी पाटावर बसायचे, ती समोर. "जोर" हा शब्द तिने घरातून हद्दपार केला. वडिलांनी पिठाच्या डब्याचं झाकण उघडेना म्हणून "जरा जोर लावतो" म्हटलं, तर त्यांनाही ती ओरडली.

कळा एका सकाळी नाश्त्याच्या वेळी सुरू झाल्या आणि दुपारी एकपर्यंत मी हॉस्पिटलच्या टेबलावर होते. आई बाहेर बाकावर. आत आत्या, हिरवा गाऊन उलटा घातलेली. नर्स वयाने लहान होती, आत्याने तिला पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "पानी कोमट हाय का गरम? कुनी पिळायचं?" नर्सने डॉक्टर मॅडमना विचारलं, मॅडम म्हणाल्या, पिळू दे.

मला खाली जोर द्यावासा वाटायला लागला, तेव्हा नर्सने तपासून सांगितलं, "अजून थोडं राहिलंय. आता नाही."

"फुंक!" आत्या म्हणाली.

म्हणजे ओरडली. तीस वर्षं ज्या आवाजात "जोर" म्हटलं, त्याच आवाजात. मी फुंकायला लागले. पडद्यापलीकडच्या टेबलावर आणखी एक बाई होती, घाबरून तीही फुंकायला लागली. तिची सासूही. नर्सने पडदा सारून पाहिलं आणि पुन्हा लावला.

ते सगळं ठीक चाललं होतं. मग ठीक राहिलं नाही. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, मी जोर दिला, तासभर दिला, आणि बाळ थोडं पुढे येऊन पुन्हा मागे जायचं. वहीतलं एकही पान आठवेना. मला फक्त ते संपायला हवं होतं. कोणत्याही किमतीवर. आणि मी, जिने इतके दिवस याच एका गोष्टीची भीती बाळगली होती, आत्याचा गाऊन धरून म्हणाले, "आत्या, दाब ना. दाब वरून. झालं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात उठले, तेही मला दिसलं. मग तिने ते दोन्ही मागे नेले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले, शाळेत शिक्षा झाल्यावर मुलं उभी राहतात तशी.

"न्हाई," ती म्हणाली. "मास्तरीन भाईर बसलीय."

मॅडम आल्या. त्यांनी मला कुशीवर वळवलं, वरचा पाय नर्सने धरला. "बाळाचे ठोके चांगले आहेत. घाई नाही. तू दमलीस, दोन कळा नुसती पडून राहा." मी पडून राहिले. मग पुन्हा. आत्याचे हात सुटले ते गरम पाण्यात गेले. फडकं पिळणं, देणं, पुन्हा पिळणं. डोकं टेकल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता जोर बंद," आणि आत्या एकदम बारीक आवाजात, मी तिचा कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "फुंक, बयो. हळू. हळू येऊ दे तिला."

मुलगीच होती. आत्याला आधी कसं कळलं, विचारायचं राहिलं.

मॅडमनी तपासलं. एक बारीक चीर होती, टाका लागला नाही. मी विचारलं, तेलाच्या मालिशमुळे का? त्या म्हणाल्या, मदत झाली असेल, पण सगळं करूनही काही जणींना टाके पडतात, आणि पुढचे सहा महिने व्यायाम सोडायचा नाही. मला हे सरळ उत्तर आवडलं.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायच्या आधी मॅडम वॉर्डात आल्या. आठ खाटा, सगळ्या भरलेल्या. आत्या उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, हिचं झालं. पन सत्तावीस वर्सांमागं कुनाचं झालं आसंल, तर त्याला आता काय विलाज हाय का?"

आईने बाळाचं दुपटं इतकं काळजीपूर्वक घडी घालायला घेतलं की जणू त्यात काहीतरी लिहिलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, आहे. आधी तपासावं लागेल. बऱ्याच जणींना व्यायामानेही फरक पडतो, इतक्या वर्षांनीसुद्धा.

"आता पन्नाशीनंतर?" आईने दुपट्यालाच विचारलं.

"आता," मॅडम म्हणाल्या. "खाली ओपीडीत या, अकरा वाजता."

अकराला आम्ही तिघी, म्हणजे बाळ धरून चौघी, ओपीडीच्या बाहेर बसलो. आईचा नंबर आला. तिने पर्स आत्याच्या मांडीवर ठेवली, पदर नीट केला आणि आत गेली. दार लागलं. आत्या पर्स दोन्ही हातांनी धरून त्या दाराकडे बघत राहिली. बराच वेळ गेला.

शेजारच्या बाईने माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं, मग आत्याकडे. "कोण आहे आत?"

"माझी भावजय."

"काय होतंय त्यांना?"

आत्याने तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

"भाईर आली की तिलाच इचारा," आत्या म्हणाली. "तिला सांगायचं आसंल तर सांगंल."